चाकण गोदाम प्रकल्प: टेलिहँडलरच्या कामाच्या नोंदी

८ एप्रिल २०२४

मशीन, म्हणजे लांब होणाऱ्या हाताचं (बूमचं) आणि पुढे फोर्क असलेलं टेलिहँडलर, दुपारी ट्रेलरवरून आलं. साडेतीन टनी, साडेबारा मीटर उंचीपर्यंत पोचणारं, चारही चाकं वळणारं, पुढे जमिनीवर टेकवायचे दोन पाय (जॅक). उद्या पाडवा आहे. ऑपरेटर दादा बार्शीचे, रात्रीच्या गाडीने घरी जाऊन परवा सकाळी हजर होणार. ते निघायच्या आत कागद बघून घेतले: वार्षिक तपासणीचं प्रमाणपत्र, लोड टेस्ट, विमा, लायसन्स. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखालच्या नियमांत उचलण्याच्या यंत्राची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी सांगितली आहे. प्रमाणपत्रावरचा चॅसी नंबर मशीनवरच्या नंबराशी जुळवला. हे काम गेटवरच व्हावं. मशीन एकदा आत आलं की ते परत पाठवायला कुणी तयार होत नाही.

ह्याच आखणीचं दुसरं गोदाम पुढच्या वर्षी सुरू होणार आहे आणि तिथे टीम वेगळी असेल. त्यांच्यासाठी ही वही. आपलं गोदाम ३० मीटर रुंद, मध्ये खांब नाहीत, फ्रेम दर ७.५ मीटरवर, कडेची उंची ८ मीटर. समोर ऑफिसची आरसीसी इमारत, तळमजला अधिक दोन मजले, स्लॅब झालेले. टेलिहँडलरकडून तीन कामं हवीत: ट्रेलरवरचा माल उतरवणं, पर्लिन (छताच्या शीटखालच्या आडव्या पट्ट्या) आणि भिंतीच्या शीट जागेवर पोचवणं, ऑफिसच्या मजल्यांवर ब्लॉक आणि टाइल चढवणं.

हायड्राच (माल हुकाला लटकवून चालणारी छोटी क्रेन) का नको, असं स्टोअरमधून विचारलं गेलं. हायड्रा स्वस्त पडते, कुठेही मिळते, चालवणारेही भरपूर. पण तिचं ओझं हुकाला लटकतं आणि ते लटकत ठेवूनच ती चालते. मग ते झुलू नये म्हणून एक पोरगा हाताने धरून पुढे पुढे चालतो. हायड्राखाली माणूस सापडतो तो बहुधा हाच पोरगा असतो. टेलिहँडलरवर माल फोर्कवर बसलेला असतो, धरायला कुणी लागत नाही. माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं होतं. बाकीचे फायदे वरकड.

१० एप्रिल

सकाळी दादांबरोबर मशीनभोवती फिरून पाहणी केली. टायरमधली हवा, होजचे सांधे, पिना आणि त्यांचे लॉक, बूम आतबाहेर सरकवणाऱ्या साखळ्या, बूमच्या नळ्यांमधल्या घासपट्ट्या, फोर्कची टाच (दांडा जिथे वळतो तो कोपरा). फोर्कची जाडी टाचेपाशी मूळच्या दहा टक्क्यांनी झिजली की फोर्क बाद. दांड्याची आणि टाचेची जाडी कॅलिपरने मोजून वहीत लिहिली. टायरची हवा इथे नुसत्या चाकाची गोष्ट नाही. एका बाजूची हवा कमी असली की जमिनीवर मशीन किंचित कलतं आणि बूम वर गेल्यावर तो कल टोकापाशी कितीतरी मोठा होतो.

नंतर केबिनमधला लोड चार्ट काढला, म्हणजे किती उंचीवर आणि किती अंतरावर किती वजन चालतं त्याचा तक्ता. ह्या नोंदींत एकच पान वाचायचं असेल तर हे वाचा.

साध्या फोर्कलिफ्टला उभा मास्ट असतो, माल चाकांजवळच वर जातो. टेलिहँडलरचा बूम पुढे जातो. मधे चर असो, परांची असो, रचलेला माल असो, त्यावरून हात पलीकडे नेता येतो. याच गुणासाठी आपण ते भाड्याने घेतो आणि त्याची मर्यादाही ह्याच गुणात आहे. पुढच्या चाकांचा अ‍ॅक्सल हा टेकू. मागे इंजिन, चॅसी आणि वजन, पुढे माल. एक टन माल टेकूपासून दोन मीटरवर असेल तर दोन टन-मीटर, सहा मीटरवर असेल तर सहा. माल तोच, पण मशीनला तिप्पट ओढतो. दादा नव्या पोरांना सांगत होते, “कळशी कडेवर घेऊन बाई कोसभर चालते. तीच हात लांब करून धरायला सांगा.”

आपल्या मशीनचा चार्ट असा वाचला: जवळ धरून साडेतीन टन. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबला, म्हणजे साडेआठ मीटर उंचीवर, पुढच्या टायरपासून चार मीटर अंतरावर जॅक लावून दीड टन, जॅक न लावता ७०० किलो. हात पूर्ण आडवा बाहेर काढला तर जॅक लावूनही टनभरच. नावात साडेतीन टन आहे आणि मजल्यावर माल ठेवताना आपल्या हातात त्याच्या निम्म्याहून कमी आहे. बूमच्या अंगावर अक्षरं रंगवलेली असतात, बाजूला कोनमापक असतो. कोन आणि दिसणारं अक्षर ह्या दोन्हींवरून चार्टवरची जागा सापडते. ही आकडेवारी ह्या मशीनची आहे, पुढच्या टीमने आपल्या मशीनच्या केबिनमधला चार्टच वापरावा. आणि जोडणी बदलली की चार्ट बदलतो. फोर्कचा वेगळा, हुकाच्या जिबचा वेगळा, बकेटचा वेगळा.

चार्टमधलं वजन फोर्कच्या टाचेपासून ठरावीक अंतरावर, बहुतेक ५०० मि.मी.वर, मालाचा मध्य धरून दिलेलं असतं. पॅलेट १२०० खोल असेल तर मध्य ६०० वर जातो. तेवढ्याने चार्टवरचा आकडा खाली येतो.

१२ एप्रिल

जमीन. इथे वरचा थर काळ्या मातीचा आहे, त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवलाय. ऑफिसच्या समोर पाइपलाइनच्या चराची भर अजून नवी आहे.

कागदावर हिशेब केला. मशीन दहा टनांच्या आसपास, माल एक टन. हात पूर्ण बाहेर गेला की जवळजवळ सगळं वजन पुढच्या दोन जॅकवर येतं, म्हणजे एकेका पायाखाली साडेपाच टन. पायाची पाटी ३०० बाय ४०० मि.मी. धरली तर दर चौरस मीटरला ४५ टनांपेक्षा जास्त दाब. आपल्या मुरमाच्या भरावाकडून ह्याची निम्मीही अपेक्षा धरता येत नाही. एक मीटर बाय एक मीटरचा स्लीपरचा (जाड लाकडी ओंडक्यांचा) पाट खाली घातला की तोच दाब साडेपाच टनांवर येतो. चार पाट सुताराकडून आजच बांधून घेतले, कडांना उचलायला दोरीची कडी. उद्यापासून पाटाशिवाय जॅक खाली जाणार नाही. चराच्या भरावावर जॅक अजिबात नाही, पाट असला तरी नाही. चराच्या कडेला चुन्याची रेघ मारली.

कंपाउंडच्या उत्तर बाजूने उच्चदाबाची लाइन जाते. तिच्या खाली आणि आसपास माल रचणंच बंद केलं. तिथे माल नसला की बूमही तिकडे जाणार नाही. नुसता फलक लावून हे साधत नाही.

१८ एप्रिल

पर्लिनचे दोन ट्रेलर आले. झेड पर्लिन, २०० मि.मी. खोल, २ मि.मी. जाड, मीटरला साधारण साडेपाच किलो. लांबी ८.२ मीटर, म्हणजे एक नग ४५ किलोचा, वीसचा गठ्ठा ९०० किलो. वजनाने काहीच नाही. अडचण लांबीची. सव्वा मीटरच्या फोर्कवर आठ मीटरचा पातळ गठ्ठा आडवा ठेवला की दोन्ही टोकं खाली-वर हिंदकळतात आणि मशीन दचकलं की गठ्ठा एका बाजूला सरकतो. फोर्कचे दोन दांडे एकमेकांपासून शक्य तितके लांब सरकवले, गठ्ठा कॅरेजला (फोर्क अडकवलेल्या चौकटीला) बेल्टने बांधला, जमिनीपासून हातभर वर, बूम पूर्ण आत, चालण्याच्या वेगाने नेला.

आत खांबांच्या मधून आडवा गठ्ठा जात नाही, कारण गाळा साडेसातचा आणि पर्लिन ८.२ मीटरची. म्हणून टोकाच्या उघड्या बाजूने आत शिरून गोदामाच्या लांबीने जायचं आणि मधल्या मोकळ्या जागेत वळायचं. टोकाच्या भिंतीचं काम सगळ्यात शेवटी घ्यावं, हे वेळापत्रकात आधीच लिहून ठेवा. वर एका वेळी पाचच पर्लिन, इरेक्शनची पोरं बूम-लिफ्टमधून एकेक ओढून बोल्ट करतात. फोर्कवर किंवा पॅलेटवर माणूस चढवून वर नेणं ह्या साइटवर बंद आहे. माणसाला न्यायचं तर त्यासाठी बनवलेली, मशीनच्या कंट्रोलशी जोडलेली बास्केट हवी. ती आपल्याकडे नाही, म्हणून बूम-लिफ्ट.

२६ एप्रिल

चारही चाकं वळवली की हे मशीन गोदामात जागच्या जागी फिरल्यासारखं वळतं. खेकडा-चाल, म्हणजे चारही चाकं एकाच दिशेने तिरकी करून चालणं, भिंतीलगत सरकायला कामाची. चाल बदलण्याआधी चाकं सरळ करून घ्यायची, नाहीतर मागची चाकं तिरकी राहतात आणि शेपटी खांबाला लागते.

केबिन डावीकडे, बूम उजवीकडे. बूम खाली असला की उजव्या बाजूचं ऑपरेटरला फार कमी दिसतं. सिग्नल देणारा माणूस कायम डावीकडे पुढे. उजव्या बाजूने चालत जायचं नाही, हे आजच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (कामावरच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत) सगळ्यांना मशीनमध्ये बसवून दाखवलं. स्वतः सीटवर बसून उजवीकडे बघितल्यावर कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

३ मे

छताच्या शीट. कंत्राटदाराचा आग्रह होता की टेलिहँडलर आहेच तर क्रेनचा खर्च कशाला. मी नाही म्हणाले, कारण लिहून ठेवते.

शीट १२ मीटरची, ०.५ मि.मी. जाड, एक नग ५७ किलो, पंधराचा गठ्ठा ८६० किलो, वर उचलायचा बीम आणि बेल्ट. शीट कडेपासून मोभाकडे जाते, म्हणजे गठ्ठ्याचा मध्य कडेपासून सहा मीटर आत. मशीन भिंतीपासून थोडं लांबच उभं राहणार. दहा-साडेदहा मीटर उंचीवर साडेसहा-सात मीटर अंतर, तिथे आपल्या चार्टवर हा गठ्ठा बसत नाही. गठ्ठा अर्धा केला तर वजन बसतं, पण हुकाला लटकलेलं बारा मीटरचं पान वाऱ्यात फिरणार आणि मशीन पुढे-मागे करताना झुलणार. फ्रेमच्या कामाची क्रेन अजून साइटवर आहे. गठ्ठे तिने चढवले, प्रत्येक गठ्ठा राफ्टरवर (फ्रेमच्या तिरक्या तुळईवर) ठेवला, पर्लिनच्या मधोमध नाही. टेलिहँडलरने ट्रेलरवरून क्रेनच्या हातापर्यंत माल आणून दिला. दोन्ही मशीन आपापल्या कामाला लागल्यामुळे कुठेच वाट बघावी लागली नाही.

१४ मे

काल मतदानाची सुट्टी होती. संध्याकाळी घाटकोपरला वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळल्याच्या बातम्या रात्रभर चालू होत्या. सकाळी कुणी काही न सांगता सगळी पोरं आधी शीटच्या थप्प्या बघायला गेली. छतावरचे उघडे गठ्ठे पुन्हा बांधले, खालच्या थप्प्यांवर स्लीपर ठेवून बेल्ट ताणले.

वळिवाचे दिवस आहेत. दुपारी तीननंतर आभाळ पश्चिमेकडून काळं झालं की वारा पावसाच्या आधी येतो. भिंतीच्या शीट आता सकाळी सहा ते अकरा ह्या वेळेतच उचलायच्या. हातातला वारामापक बूमच्या उंचीवरचा वारा सांगत नाही, म्हणून जमिनीवर मोजलेला वारा मर्यादेच्या जवळ असला तरी काम थांबवायचं. दुपारी मशीनला ब्लॉकचं काम.

२१ मे

आज जे झालं ते सगळ्यांनी वाचावं.

पहिल्या मजल्यावर टाइलच्या पेट्यांचं पॅलेट ठेवायचं होतं. पॅलेट पुरवठादाराने भरून पाठवलेलं, वजनाची चिठ्ठी नव्हती. बूम वर, हात बाहेर, पॅलेट स्लॅबच्या कडेपर्यंत पोचलं आणि केबिनमधला निर्देशक हिरव्यावरून पिवळ्यावर, तिथून लालवर गेला. बझर वाजला, बूम बाहेर जायचा थांबला. मागचं चाक जमिनीवर हलकं झाल्याचं खालून दिसत होतं. खालून एक सुपरवायझर ओरडला, “खाली घे, खाली घे!”

दादांनी खाली घेतलं नाही. त्यांनी आधी हात आत ओढला, सावकाश, पूर्ण आत. मग बूम खाली.

हा फरक जिवाचा आहे. लांब काढलेला बूम वरून खाली आणला की त्याचं टोक आधी पुढे जातं. उंची कमी होते, आडवं अंतर वाढतं. लाल दिवा लागलेल्या मशीनला आपण आपल्याच हाताने आणखी पुढे ओढतो. घाबरलेल्या माणसाला खाली म्हणजे सुरक्षित वाटतं. इथे सुरक्षित म्हणजे आत. क्रम पाठ करून घ्या: आधी आत, मग खाली. मशीनसुद्धा लाल दिव्यावर आत घ्यायला अडवत नाही, ते ह्याच कारणासाठी.

पॅलेट खाली उतरवून पेट्या मोजल्या, प्रत्येक पेटीवरचं वजन जुळवलं. सव्वा टनाच्या अंदाजाचं पॅलेट दोन टनांच्या जवळ निघालं. आजपासून वजन लिहिलेलं नसलेलं पॅलेट फोर्कवर घ्यायचं नाही. पुरवठादाराच्या ऑर्डरमध्येच टाकलं: एका पॅलेटवर एक टन, वजन बाजूला रंगाने लिहिलेलं.

आणखी एक. हा निर्देशक मशीन पुढे उलटण्याबद्दल सांगतो, बाजूला उलटण्याबद्दल नाही. मागचा अ‍ॅक्सल मधल्या एका पिनेवर झुलतो, म्हणून मशीन प्रत्यक्षात तीन बिंदूंवर उभं असतं: दोन पुढची चाकं आणि ती पिन. बूम वर असताना बाजूचा उतार आला तर ह्या त्रिकोणाबाहेर जायला फार लागत नाही आणि बझर गप्प बसलेला असतो. म्हणून उभं करण्याआधी लेव्हलचा बुडबुडा मध्यावर, आणि बूम वर असताना चाक फिरवायचं नाही.

२४ मे

बझर बंद ठेवण्याची किल्ली केबिनमध्ये होती. काढून घेतली, ऑफिसात सही करूनच मिळेल. दादांनी स्वतःच आणून दिली.

३० मे

ब्लॉक. ६०० बाय २०० बाय २००, एका ब्लॉकचं घनफळ ०.०२४ घनमीटर, घनता घनमीटरला ६५० किलो धरली तर साडेपंधरा किलोच्या वर. पॅलेटवर ४८, म्हणजे पॅलेटसकट ७७५ किलो. दुसऱ्या मजल्याला जॅक लावून सहज.

माल वर नेणं सोपं, ठेवायचा कुठे हा खरा प्रश्न. साधारण एक बाय सव्वा मीटरवर पाऊण टनाहून जास्त, म्हणजे चौरस मीटरला ६०० किलोच्या वर. स्लॅब ऑफिसच्या भारासाठी डिझाइन केलेला आहे, ह्या भारासाठी नाही. डिझायनरला विचारलं. त्यांनी कडेच्या बीमवर दोनच जागा दिल्या, त्यांच्या खाली दोन मजले टेकू ठेवायला सांगितले आणि एका जागेवर एका वेळी एकच पॅलेट. आम्ही त्या जागा पिवळ्या रंगाने आखल्या. वरच्या पोरांनी पॅलेट रिकामं करून ब्लॉक भिंतीच्या रेघेलगत पसरले की मगच पुढचं पॅलेट. त्यामुळे मशीनचा वेग वरच्या हातांवर ठरतो, खालच्या इंजिनावर नाही. वर दोन माणसं वाढवली आणि दिवसाचं काम खरोखर वाढलं.

कडेचा कठडा त्या दोन जागांपुरताच गेटसारखा उघडतो. उघडणारा माणूस हार्नेस लावूनच, पॅलेट फोर्कवरून सुटेपर्यंत बाकीचे तीन मीटर मागे.

७ जून

मान्सून राज्यात पोचला. सकाळपासून पाऊस, मशीन उभं. साखळ्यांना तेल, घासपट्ट्यांची फट मोजली, बूमला ग्रीस.

पोरांनी विचारलं, हे मशीन मुळात कशासाठी निघालं. ब्रिटनमध्ये जेसीबीने १९७७ मध्ये लोडऑल नावाने आपलं पहिलं टेलिहँडलर काढलं. शेतात गवताचे गठ्ठे रचायला आणि बांधकामावर विटा चढवायला एकच मशीन, पुढची जोडणी तेवढी बदलायची. त्याच कंपनीचा एक कारखाना इथून जवळच तळेगावला आहे हे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. ऊस, कापूस आणि कडब्याच्या गंजी रचणाऱ्या आपल्या भागात शेतीसाठी हे मशीन फारसं दिसत नाही. दिसायला हवं.

११ जून

पावसाने दोन गोष्टी एकदम बदलल्या. ऑफिससमोरचा मुरूम मऊ झाला, म्हणून मशीन दीड मीटर मागे, जुन्या सोलिंगवर (दगडांच्या थरावर) घेतलं. अंतर चारचं साडेपाच झालं आणि चार्टवरचा दीड टन एका टनावर आला. दुसरीकडे उघड्यावरचे ब्लॉक पाणी प्यायले. भिजलेला ब्लॉक तीस टक्क्यांनी जड धरला तर ४८ चं पॅलेट हजार किलोच्या घरात. जागा एक टनाची, माल एक टनाचा, मध्ये काही उरत नाही.

पॅलेट ३६ ब्लॉकचं केलं, भिजलेलं धरूनही साडेसातशे. फेऱ्या वाढतील, वाढू देत. उरलेल्या ब्लॉकवर ताडपत्री टाकली आणि गोदामाच्या आत जेवढे मावतील तेवढे हलवले. पुढच्या टीमने ब्लॉक मे महिन्यातच वर चढवून पसरून ठेवावेत. त्यासाठी आतल्या भिंतींच्या रेघा मेच्या पहिल्या आठवड्यात आखलेल्या हव्यात.

१९ जून

मशीन परत गेलं. फोर्कची जाडी पुन्हा मोजली, एप्रिलच्या आकड्याशेजारी लिहिली, फरक नाही म्हणावा इतका. एका जॅकच्या होजला घासल्याची खूण होती, ती परतीच्या कागदावर दोघांच्या सहीने नोंदवली. दादा पुढे दौंडच्या साइटवर जाणार आहेत. पुढच्या गोदामासाठी ह्याच दादांना मागा, मशीन कुठलंही असलं तरी चालेल.

पुढच्या टीमकडे द्यायचं सामान स्टोअरमध्ये दाराजवळ ठेवलंय: स्लीपरचे चार पाट, रंगाने वजन लिहायचे साचे, वारामापक, लोड चार्टची प्लास्टिक लावलेली प्रत. ऑफिसच्या काचा जुलैत येणार आहेत. त्यांच्यासाठी टेलिहँडलर नको, व्हॅक्यूमच्या उचलणीसह छोटी क्रेन लागेल. तिची मागणी आज पाठवली.